पुण्याच्या रस्त्याशी जुळवून घेताना

शहर बदलायचं ठरलं की घर, भाडं, मुलांची शाळा, डॉक्टर, किराणा या सगळ्याची चिंता आपण आधीच करून ठेवतो. रस्त्याची चिंता कुणी करत नाही. रस्ता सगळीकडे सारखाच, असं आपण धरून चालतो. कायदाही एकच, १९८८ चा मोटार वाहन कायदा. गाडी डाव्या बाजूने चालवायची आणि लाल दिव्याला थांबायचं, हे सोलापुरात तेच आणि पुण्यातही तेच. लायसन्स तेच चालतं. एकाच राज्यात असल्यामुळे गाडीचा नंबरसुद्धा बदलावा लागत नाही. पण नव्या शहरात आठवडाभर गाडी चालवली की कळतं, छापील नियमांच्या खाली आणखी एक नियमावली असते. ती कुठे लिहिलेली नसते, तिची परीक्षा रोज असते आणि ती प्रत्येक शहराची वेगळी असते.

२०२१ मध्ये नोकरीच्या निमित्ताने मी सोलापूर सोडून पुण्याला आलो. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सकाळी बसलं तर पुण्यात येऊन दिवसभराचं काम उरकून रात्री घरी परत जाता येतं. इतक्या जवळच्या शहरात जुळवून घ्यायला काय लागणार, असंच सगळे म्हणत होते. सामानाच्या टेम्पोतून माझी दुचाकीही आली आणि कोंढव्यातल्या भाड्याच्या घराखाली उभी राहिली. एमएच-१३. आजूबाजूला सगळ्या एमएच-१२, मधूनच पिंपरी-चिंचवडची एमएच-१४. दुसऱ्याच दिवशी एका सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या स्कूटरवरच्या गृहस्थांनी माझी नंबरप्लेट नीट वाचली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोलापूर का? सावकाश येऊ द्या मागनं." त्यात अपमान नव्हता. मला वाटतं काळजीच होती, पुणेरी पद्धतीची.

आधी सोलापूरची नियमावली सांगतो. तिथे हॉर्न हा बोलण्याचा प्रकार आहे. 'मी मागे आहे', 'मी येतोय', 'काय म्हणता, बरंय ना', 'दुकान उघडलं वाटतं', एवढे सगळे अर्थ त्यात असतात. सात रस्ता नावाचा एक चौक आहे आणि नावाप्रमाणे तिथे खरोखरच गाड्या सगळीकडून येतात. शेअर रिक्षा हात दिसला की जिथे असेल तिथे थांबते, मागच्याने समजून घ्यायचं. विजापूर वेशीच्या गर्दीत हातगाडी, सायकल, बुलेट आणि बुरखा सावरत चालणारी बाई एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगतात. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो. पण तो गोंधळ वीस-पंचवीसच्या वेगाने चालतो. शिवाय समोरचा माणूस चेहऱ्याने दिसतो, आणि बऱ्याचदा तो कुणाचा कोण हेही माहीत असतं. मास्तरांचा मुलगा आहे म्हटल्यावर ट्रकवालाही ब्रेक दाबायचा. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. सोलापूरही बदललंय, गाड्या वाढल्यात, वेग वाढलाय. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत पुणं होतं तसं सोलापूरही होतं. पण मी ज्या रस्त्यावर चालवायला शिकलो, त्याचं व्याकरण हे होतं.

पुण्यात हॉर्नचा अर्थ बदलतो. इथे सिग्नल हिरवा व्हायच्या आधी तीन सेकंद वाजणारा हॉर्न म्हणजे 'झोपलात का'. इथल्या बऱ्याच सिग्नलांना उलटी मोजणी दाखवणारे आकडे आहेत. ते थांबणाऱ्याला इंजिन बंद करता यावं म्हणून असावेत, पण प्रत्यक्षात ते शर्यतीच्या बंदुकीचं काम करतात. पाचचा आकडा दिसला की पहिली रांग सरकू लागते आणि दोनला ती चौकाच्या मध्यात असते. दुसऱ्या बाजूला पिवळा दिवा पाहून वेग वाढवलेले शेवटचे दोघे अजून चौकातच असतात. या दोन घोळक्यांमध्ये जी जागा उरते, तिच्यावर पुणेकरांचा विश्वास आहे.

मग वळण्याची भाषा. दुचाकीला इंडिकेटर असतो, पण तो लावण्याची वेळ वळून झाल्यावरची. खरी खूण मागे बसलेल्याच्या हाताची. मागच्या बाईने पदर किंवा स्कार्फ सावरायला हात बाहेर काढला की गाडी डावीकडे जाणार की नुसताच वारा आहे, हे ओळखायला मला दोन महिने लागले. पुढच्या स्वाराचा डावा पाय किंचित बाहेर आला की तो थांबणार. त्याने मान तिरकी केली असेल तर तो फोनवर बोलतोय आणि काहीही करू शकतो. रिक्षावाल्याने तळहात बाहेर काढून खालीवर हलवला की त्याचा शब्द पाळायचा, तो वळणारच. उलट्या बाजूने येणारा नेहमी 'इथपर्यंतच' येत असतो. दुभाजकातली पुढची फट दूर असते आणि पेट्रोल महाग असतं, एवढं त्याचं म्हणणं.

पेठांमध्ये आणखी वेगळं शिक्षण. शिवाजी रस्ता स्वारगेटकडे जातो आणि बाजीराव रस्ता तिकडून शनिवारवाड्याकडे येतो. दोन्ही एकेरी. एक वळण चुकलं की अर्ध्या गावाला प्रदक्षिणा. सोलापुरात पत्ता विचारला की 'सरळ जावा' म्हणतात. पुण्यात विचारला तर आधी 'गाडीवर जाणार की चालत' असं विचारतात, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. हा प्रश्न मला फार आवडला होता. त्याचा पुरता अर्थ पुढे कळला.

पुण्याच्या रस्त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पुणेकर स्वतःच ते सगळ्यात चांगलं करतात. पण हे असं का, हेही पाहिलं पाहिजे. हे कधीकाळी सायकलींचं शहर होतं. मग आकुर्डीत बजाजचा कारखाना आला, १९७२ पासून चेतक आली, आणि सायकलवाला हळूहळू स्कूटरवाला झाला. गाडी बदलली तरी चालवण्याची रीत सायकलचीच राहिली, फटीतून निघायची, पदपथावर चढायची, उलट्या बाजूने जायची. सायकलच्या वेगात हे सगळं खपून जातं. चाळीसच्या वेगात खपत नाही, कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. शहर चहूकडे पसरलं, पण बस त्या वेगाने पसरली नाही. मेट्रो धावायला २०२२ उजाडलं. मग प्रत्येक घरात माणशी एक गाडी येणारच. २०१८ मध्येच आरटीओच्या नोंदींवरून बातम्या आल्या होत्या की पुण्यातल्या वाहनांची संख्या, सुमारे ३६ लाख, शहरातल्या माणसांपेक्षा जास्त झाली आहे. एवढ्या लोकांना रोज वेळेवर कामावर पोचायचं आहे आणि रस्ता तेवढाच आहे. त्यातून ही भाषा तयार झाली. तिला शिष्टाचार नसेल, पण तर्क आहे.

ती भाषा मी शिकलो. सहा महिन्यांत सवयीने हेल्मेट आधी आणि किल्ली नंतर असं झालं. १ जानेवारी २०१९ पासून इथे हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा विरोधात मोर्चा निघाला होता. सोलापूरला ती बातमी वाचून आम्ही हसलो होतो. इथे आल्यावर हसू आलं नाही. पुढचा स्वार काय करणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखायला लागलो. ऑफिसातले लोक म्हणाले, आता तू पुणेकर झालास. गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

२०२२ च्या हिवाळ्यात अब्बा आमच्याकडे राहायला आले. अम्मी गेल्यानंतर सोलापूरचं घर त्यांना मोठं व्हायला लागलं होतं. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं सायकलवर फिरलेले. गाडी त्यांनी कधी शिकली नाही, गरज पडली नाही. वय चौऱ्याहत्तर, गुडघे थोडे कुरकुरतात, पण चालणं रोजचं. पहाटे फजरला मशिदीत, परतताना पेपर, संध्याकाळी असरनंतर ओळखीच्या कुणाबरोबर चहा. एवढंच त्यांचं जग, पण ते सगळं पायावर उभं होतं.

आमच्या घरापासून मशीद तीनशे पावलांवर आहे. मध्ये मुख्य रस्ता. दोन्हीकडे दोन-दोन लेन, मध्ये दुभाजक. खडी मशीन चौकाकडून येणारे डंपर आणि पाण्याचे टँकर, लुल्लानगरच्या बाजूने उतरणारी ऑफिसची गर्दी. पहाटे रस्ता मोकळा असतो, पण मोकळा म्हणूनच गाड्या जोरात. पहिले चार-पाच दिवस मी अब्बांना सोडायला गेलो. मग ते म्हणाले, "मी काय लहान आहे? तू झोप." पंधरा दिवसांनी माझ्या बायकोच्या लक्षात आलं की अब्बा घरातच नमाज पढतायत. फक्त जुम्म्याला, मी बरोबर असलो की बाहेर पडतात. पेपर ते वॉचमनकडून मागवायला लागले होते. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे.

विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे." थंडी सरल्यावर म्हणाले, "गुडघे." मार्चमध्ये एकदा रात्री जेवताना सहज सांगावं तसं म्हणाले, "ईद झाली की मी सोलापूरला जाईन म्हणतो. एकटा राहीन. तिथे निदान कोपऱ्यावर जाता येतं."

मी म्हटलं, "अब्बा, इथेही जाता येतं की. सवय होईल तुम्हाला."

ते म्हणाले, "सवय गाडीवाल्यांना होते बेटा. पायी चालणाऱ्याला फक्त भीती होते. तिथे रस्त्यावर लोक मला ओळखायचे. इथे रस्ता ओलांडायला कुणाची तरी ओळख काढावी लागेल."

हे ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर चालायला लागलो. सोडायला नाही, नुसतं शेजारून, त्यांच्या वेगाने. गाडीवरून रोज जाणारा तोच रस्ता पायी वेगळाच दिसतो. पदपथ आहे, पण तो सलग नाही. वीस पावलांवर दुकानाची पायरी, मग डीपीचा खांब, मग उभ्या केलेल्या दुचाक्या, मग एक मोकळा तुकडा आणि त्यावरून मागून हॉर्न देत येणारी स्कूटर. त्यामुळे अब्बा पदपथाच्या खाली उतरून कडेने चालतात. दुभाजकात फट आहे तिथे लोक ओलांडतात. तिथे पट्टे होते, पण पुसट. सर्वांत जवळचा सिग्नल बराच पुढे. मशिदीत जायचं तर तिथपर्यंत जाऊन उलटं यायचं, म्हणजे तीनशे पावलांचं अंतर हजारावर जातं.

त्या सिग्नलचंही एक गणित आहे. रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे हे ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे. वीस मीटर रुंद रस्ता म्हणजे सतरा सेकंद. मी अब्बांच्या चालण्याची वेळ लावून पाहिली. सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडं वर. त्यांना वीस मीटरला पंचवीस सेकंद लागतात. म्हणजे सिग्नल त्यांच्यासाठी आठ सेकंद आधीच संपतो, आणि पुण्यात तो संपायच्या पाच सेकंद आधी समोरची रांग सुटलेली असते. हे तेरा सेकंद एका म्हाताऱ्या माणसाने कुठून आणायचे?

गाडी चालवताना मी जी सगळी भाषा शिकलो होतो, खांदे ओळखणं, पाय ओळखणं, फट ओळखणं, ती सगळी गाडीवाल्याने गाडीवाल्याशी बोलायची भाषा आहे. तिच्यात पायी माणसासाठी शब्दच नाही. त्याने थांबायचं, बघायचं, पळायचं. ज्याला पळता येतं तो जुळवून घेतो. ज्याला येत नाही तो गॅलरीत बसतो, आणि आपण म्हणतो की म्हातारपणी माणूस घरकोंबडा होतो.

नियम मात्र काही वेगळंच सांगतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे जे नियम काढले, त्यात सिग्नल नसलेल्या पट्ट्यांजवळ वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पायी माणसाला आधी जाऊ द्यावं असं स्पष्ट आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही होतो, त्या दिवशी तिथे गाड्या बंद. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वापरण्याजोगा पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कागदावर अब्बा या रस्त्याचे मालक आहेत. दुसरीकडे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास पाचातला एक. त्यांच्या हातात ना स्टिअरिंग होतं ना हँडल.

उपाय शेवटी अब्बांनीच शोधला, आणि तो कागदावरचा नव्हता. आमच्या बाजूच्या इमारतींमधून चार-पाच वयस्कर माणसं मशिदीत जातात हे त्यांनी गॅलरीतूनच टिपलं होतं. कुणी बीडचे, कुणी मालेगावचे, एक निवृत्त रेल्वेवाले मिरजेचे. सगळे मुलांपाठोपाठ पुण्यात आलेले आणि सगळे आपापल्या वेळेला एकेकटे त्या दुभाजकाशी उभे राहून घाबरणारे. अब्बांनी त्यांना सांगितलं की अजान झाली की पाच मिनिटं खाली फाटकाशी थांबायचं आणि एकत्र निघायचं. ते याला काफिला म्हणतात. पुढे मिरजवाले, कारण त्यांचा आवाज मोठा आहे. ते तळहात उंच करून रस्त्यात उतरतात आणि बाकीचे त्यांच्या डाव्या अंगाला एका ओळीत. नुसत्या एका म्हाताऱ्याला वळसा घालून जाणारी गाडी पाच म्हाताऱ्यांना पाहून थांबते. वळसा घालायला जागाच उरत नाही ना. हळूहळू त्यांच्यात शाळेची मुलं घेऊन जाणाऱ्या बायका येऊन मिसळल्या. शेजारच्या सोसायटीतल्या, मंदिराकडे निघालेल्या एक आजीही त्यांच्याबरोबर ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर आपल्या वाटेने जातात.

बाकी आम्ही काही जणांनी मिळून पट्ट्यांसाठी आणि गतिरोधकासाठी अर्ज दिला. पावसाळा सरल्यावर पट्टे नव्याने रंगवले गेले. गतिरोधक अजून व्हायचा आहे. पट्ट्यांमुळे गाड्या थांबायला लागल्या असं म्हणता येणार नाही, पण ओलांडणाऱ्याला आपण चोरून काही करतोय असं वाटत नाही, हा फरक पडला. मी माझ्या गाडीवर असतो तेव्हा पट्ट्यांशी थांबतो. मागचे हॉर्न देतात, काही जण शेजारून निघून जातात, एकदा एकाने नंबरप्लेट पाहून 'गावाकडचे दिसताय' असंही ऐकवलं. आहेच गावाकडचा. पण थांबताना एक काळजी घ्यावी लागते. आरशात बघून, वेग हळूहळू कमी करून आणि हात बाहेर काढून थांबायचं, नाहीतर मागचा येऊन धडकतो आणि शेजारून निघालेला दुसरा नेमका ओलांडणाऱ्यावर जातो. चांगुलपणाही इथे स्थानिक पद्धतीनेच करावा लागतो.

ईद झाली, आणखी दोन ईदी झाल्या, अब्बा अजून पुण्यातच आहेत. असरनंतर चहाला आता मिरजवाल्यांकडे जातात. सोलापूरचं नाव निघतं, पण 'जातो' असं नाही निघत. तरी मला पूर्ण समाधान वाटत नाही आणि त्यांनाही वाटत नाही. परवा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. औषधाचं दुकान रस्त्यापलीकडे. दुपारची वेळ, काफिल्यातलं कुणी खाली नव्हतं. ते दोन तास थांबले आणि असरला निघाले तेव्हा गोळ्या घेऊन आले. मी रागावलो, मला फोन का केला नाही म्हणून.

ते म्हणाले, "तू आला असतास, ठाऊक आहे. पण गोळ्यांचं पाकीट आणायला मला मुलगा लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

मला या म्हणण्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. पुण्याच्या रस्त्याशी जुळवून घ्यायला मला सहा महिने लागले आणि अब्बांना जवळजवळ वर्ष. माझ्या वाट्याला त्यात गाडी चालवायची नवी पद्धत आली. त्यांना मात्र दिवसाची कुठली वेळ आपली आहे, हे नव्याने ठरवावं लागलं. नव्या शहरात येणाऱ्या माणसाला 'होईल सवय' म्हणताना आता मी आधी विचारतो, गाडीवर की चालत?